श्वास कोण घेतंय?

एकोणीसशे बहात्तर साल. छातीत हवा शिरून माझं एक फुफ्फुस आकसलं होतं. अशा वेळी नळी घालून हवा काढायची, की नुसतं लक्ष ठेवून फुफ्फुस आपणहून फुलायची वाट पाहायची, यावर आमच्या डॉक्टरीणबाई संशोधन करत होत्या. कोणाला नळी आणि कोणाला नाही, हे चिठ्ठी टाकून ठरायचं. मला सगळं पटलं होतं. पण संमतीचा कागद वॉर्डाच्या रिवाजाप्रमाणे यजमानांपुढे गेला.

सासूबाई कडाडल्या, "आमची सून काय प्रयोगातला उंदीर आहे?"

"आई नको म्हणतेय तर..." यजमान पेनाला टोपण लावू लागले.

धाप लागत होती, तरी मी उठून बसले. "अहो, श्वास कोण घेतंय? आई घेतायत, तुम्ही घेताय, की मी?"

यजमान सासूबाईंकडे बघू लागले.

"मग पेन इकडे द्या."

"जिभेला मात्र काही झालेलं नाही हिच्या!" सासूबाई म्हणाल्या.

माझी चिठ्ठी बिननळीची निघाली. फुफ्फुस हळूहळू फुललं, ते आजही फुललेलं आहे. संशोधन छापून आलं, डॉक्टरीणबाई प्राध्यापक होऊन निवृत्त झाल्या. यजमान आता नाहीत. शेवटपर्यंत कुठेही सही करण्याआधी ते माझ्याकडे बघायचे.

आणि सासूबाई? त्यांच्या मोतीबिंदूच्या वेळी यजमानांनी सहीसाठी पेन काढलं, तर सासूबाईंनी ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं. "डोळा कोणाचा आहे रे?"