ताईचा ताप

ताईने दार उघडलं आणि "ये" म्हणून लगेच आत वळली. धाकटीने चपला काढल्या आणि तिच्या मागोमाग आतल्या खोलीत गेली. कौतुक होईल अशी तिची अपेक्षा नव्हतीच. पण ताईने पाणीसुद्धा विचारलं नाही, म्हणजे टीव्हीवरची धाकटीची मुलाखत तिने पाहिली होती.

सतरंजीवर बाईसाहेब पसरल्या होत्या. ताईची लेक नऊ वर्षांची. तिला बसवावं लागे, भरवावं लागे, कूस बदलून द्यावी लागे, म्हणून घरात तिचं नाव बाईसाहेब. मावशीला पाहून ती तोंडभर हसली आणि तिच्या मुठी आवळून छातीशी गेल्या. आनंद झाला की तिचं अंग असं ताठ व्हायचं. ताईने तिची टाच तळहातात घेतली, दुसरा हात गुडघ्यावर दाबला आणि पाऊल हळूहळू वर रेटायला लागली. हा दुपारचा व्यायाम. चुकला की पोरीच्या पायात गोळे यायचे आणि मग घरात कुणालाच झोप नसे.

धाकटी भिंतीला टेकून बसली. प्रयोगशाळेत उंदरांच्या पिल्लांचे मेंदू बघून बघून तिचे डोळे चुरचुरत होते. काल परिषदेत निष्कर्ष मांडून झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तिला फक्त कुठेतरी आडवं व्हावंसं वाटलं होतं. निष्कर्ष तसा साधा. जन्मताना प्राणवायू कमी पडला तर बाळाच्या मेंदूला इजा होते, हे जुनंच. पण आईच्या अंगात आधीपासून संसर्ग असेल, ताप असेल, तर बाळाच्या मेंदूतही सूज धुमसत असते, आणि मग प्राणवायू तेवढाच कमी पडला तरी इजा कितीतरी मोठी होते. नंतर मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, म्हणजे आईचा ताप बाळाला भोवतो म्हणायचं. हो म्हणून तिने पुढे पुष्कळ सावरून घेतलं होतं. दाखवताना त्यांनी त्याचं ते वाक्य आणि तिचं हो एवढंच ठेवलं.

ताईला कळा सुरू झाल्या तेव्हा तिचं अंग फणफणलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायला धाकटीच होती. पुढे घरात ठरून गेलं की डॉक्टरांना यायला उशीर झाला, म्हणून असं झालं. भावोजी आजही त्या डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडत. दोष बाहेरच्या माणसावर होता तोवर घरात शांतता होती. आता तो आपणच उचलून ताईच्या पदरात टाकला, या धास्तीने धाकटी येताना नेहमीचा रस्ता सोडून भलत्याच गल्ल्यांतून फिरून आली होती.

"मला ताप होता," ताई म्हणाली. तिने मान वर केली नाही.

"हो."

"म्हणजे तू बोललीस ते माझ्यासारख्यांबद्दलच."

एकेका बाळाबद्दल असं छातीठोकपणे सांगता येत नाही, धाकटी म्हणाली. पिल्लं वेगळी, माणसं वेगळी. शिवाय ताप काही कुणी मागून घेत नाही. ताईने तिला पुरतं बोलू दिलं आणि मग दुसरं पाऊल हातात घेतलं.

"हे तिकडे व्यासपीठावर सांग. मला एवढंच सांग, तुला काय वाटतं?"

थाप मारण्याइतकं त्राणही धाकटीत उरलं नव्हतं.

"मला वाटतं, तापामुळे झालं. सगळं नाही, पण बरंचसं. उशीर झाला हे खरं, पण तेवढ्या उशिरात एवढं व्हायला नको होतं."

ताईचे हात थांबले. धाकटी वाट बघत राहिली. ताई रडेल, बोलेल, कदाचित ऊठ आणि चालू लाग म्हणेल.

"आणि जोर?" ताईने विचारलं.

"कसला जोर?"

"त्या नर्सबाई ओरडत होत्या ना. जोर लाव, बाळ गुदमरतंय, जोर लाव. मला होईचना गं. शेवटी मी म्हटलं, राहू दे आता, मला नाही जमत." तिने लेकीच्या गुडघ्यावरचा हात उचलला. "असं म्हणाले मी. राहू दे."

धाकटी तेव्हा दाराबाहेर उभी होती. तिने हे कधीच ऐकलं नव्हतं. भावोजींनीही ऐकलं नसणार. ते डॉक्टरांना शिव्या घालायला लागले की ताई मुकाट्याने उठून स्वयंपाकघरात जायची, ते यासाठी होतं तर.

"एवढा ताप असताना कुणालाच जोर लावता येत नाही, ताई," ती म्हणाली. "आणि बाळाला व्हायचं ते बहुतेक आधीच सुरू झालं होतं."

"मी म्हणायच्या आधी?"

"आधी."

ताईने मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा हलवली, जणू आत कुणीतरी तेच परत विचारलं होतं.

"जरा धरतेस?" ती म्हणाली. तिने लेकीची टाच धाकटीच्या तळहातात ठेवली आणि कुठे दाबायचं, किती रेटायचं ते दाखवलं. कुरकुरली तर एकदम सोडू नकोस, हळूहळू सैल कर, असं बजावलं. मग तिथेच सतरंजीच्या कडेला, उशीसुद्धा न घेता ती कुशीवर आडवी झाली आणि बघता बघता तिला झोप लागली. तोंड किंचित उघडं राहिलं. बाईसाहेबांनी मोठ्या कष्टाने मान वळवून आईकडे पाहिलं. भर दुपारी आई झोपलेली त्यांनी बहुधा कधी पाहिली नव्हती.

धाकटी पाऊल रेटत राहिली. पोटरी दोरखंडासारखी ताठ होती, मग जराशी सैलावली. किती वेळ करायचं असतं, हे विचारायचं राहूनच गेलं होतं, आणि ताईला उठवणं तिच्या जिवावर आलं. हात भरून आले तशी ती थोडी पुढे सरकली, नीट मांडी घालून बसली आणि दुसरं पाऊल हातात घेतलं.