सहा नंबरचा बिल्ला

सिगारेट सोडायची कशी, यावर पत्र्याच्या शेडमध्ये तिघांची तीन मतं पडली. कोंडाजी म्हणाला, लवंग चघळ. ज्योतीराम म्हणाला, एकदम सोडू नकोस, रोज एक कमी कर. उद्धवरावांनी तर लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथच घ्यायला सांगितलं. तिघांच्याही बोटांत पेटलेल्या सिगारेटी होत्या.

ज्ञानदेव ऐकत होता आणि खोकत होता. चिंचवडची ही फौंड्री बासष्टला सुरू झाली, तेव्हापासून अकरा वर्षं तो ओतीव लोखंडाला चिकटलेली वाळू ग्राइंडरनं घासून काढत होता. खात्यात भर दुपारी दिवे लावावे लागत, इतकी धूळ. पण कंपनीचे डॉक्टर छातीला नळी लावायचे, त्याच्या बोटांवरचे पिवळे डाग बघायचे आणि कार्डावर लिहायचे: सिगारेट. दर वेळी तेच. वाळू त्यांच्या कार्डावर कधी उतरलीच नाही.

या खेपेला मात्र ते म्हणाले होते, "महिनाभर सोडून दाखव. तरी खोकला राहिला तर धुळीचा म्हणून लिहितो. पॅकिंगला बदली मिळेल."

पॅकिंग खात्यात लाकडी खोकी असतात आणि मोठाल्या खिडक्या. घरी बायको कस्तुरा तेव्हापासून रोज जेवण वाढताना विचारायची, "पॅकिंगचं काय झालं?"

"आन् सोडली हे डॉक्टरला कळायचं कसं?" कोंडाजीनं विचारलं.

"बिल्ला जमा करायचा. अर्जुनरावांनी चिठ्ठी दिली की धरायचं, सोडली."

कोंडाजीचा हात आपल्या खिशातल्या बिल्ल्यावर गेला.

खात्यात तेलाची पिंपं होती, म्हणून सिगारेट ओढायची ती भिंतीलगतच्या या शेडमध्येच. सकाळी दहा मिनिटं, दुपारी तीनला दहा मिनिटं. बाहेर सोडायचं ते फक्त पितळी बिल्लेवाल्यांना, आणि चाळीस माणसांत बिल्ले सहा. न ओढणाऱ्याला बाहेर काय काम, असं कंपनीचं म्हणणं. फोरमन अर्जुनराव मधूनच शेडमध्ये डोकावून जात. कोणी नुसता उभा दिसला की त्याचा बिल्ला गेलाच.

"तू तर आधी सुपारीबी खात नव्हतास," कोंडाजी म्हणाला.

"बिल्ल्यापायी शिकलो की."

यावर कोणी हसलं नाही. तिघांतल्या दोघांचं तेच झालं होतं. भिंतीच्या पलीकडे चिखलीच्या बाजूला ज्वारीची रानं होती आणि वारा तिकडून यायचा. त्या वाऱ्यात दहा मिनिटं उभं राहता यावं, म्हणून हे शहाणे लोक धूर प्यायला शिकले होते.

ज्ञानदेवनं हातातली सिगारेट शेवटपर्यंत ओढली. मग भिंतीकडे तोंड करून दोन-तीनदा छाती भरून वारा घेतला.

"लवंग नको आन् शपथबी नको," तो म्हणाला. "बिल्ला दिला की झालं."

अर्जुनराव खूष झाले. त्यांनी त्याची पाठ थोपटली, आजच्या तारखेची चिठ्ठी लिहून दिली आणि बिल्ला खिळ्याला अडकवला. "तुझ्यासारखी निर्व्यसनी माणसं पाहिजेत कंपनीला," ते म्हणाले. "आता तीनला मशीन बंद ठेवायचं कारण नाही, काय?"

तीनची घंटा झाली तेव्हा सवयीनं ज्ञानदेवचा हात बटणाकडे गेला. तो त्यानं मागे घेतला, नाकावरचं फडकं घट्ट केलं आणि पुढचा नग चाकाला लावला. वाळू उडाली. त्याला तिची चव कळली. बिल्ला मिळाल्यापासून तीनच्या सुमाराला ती कधी तोंडात गेली नव्हती.

कोणीतरी खांद्याला हात लावला. शेजारच्या ग्राइंडरवरचा भीमराज होता. साधा माणूस, चहासुद्धा बेताचा. दर रविवारी बायकापोरांना घेऊन विहारात जायचा आणि तिथं वंदनेला सगळ्यांच्या आधी त्याचा आवाज लागायचा. या वर्षात तो आवाज फाटला होता. ज्ञानदेवनं मशीन बंद केलं.

"पाकिटात उरल्यात का काही?" भीमराजनं विचारलं.

"तीन हायेत. का?"

"दे. आन् ओढायची कशी, तेवढं सांग पटकन. दहाच मिनिटं हायेत."

"येडा का खुळा तू? तुला कशाला पाहिजे?"

भीमराजनं मूठ उघडली. सहा नंबरचा बिल्ला. आज सकाळपर्यंत तो ज्ञानदेवच्या खिशात होता.

"अर्जुनराव म्हणाले, ओढत असशील तरच देतो. म्हणलं, ओढतो." भीमराज खाली बघत बोलला. "घरी कुणाला बोलू नगंस."

ज्ञानदेवला त्याच्या हातातून बिल्ला हिसकावून घ्यावासा वाटला. त्याच्यासाठी की स्वतःसाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं पाकीट काढलं, काड्यापेटी काढली, दोन्ही भीमराजच्या हातावर ठेवली.

"धूर लगेच आत ओढू नगंस," तो म्हणाला. "पहिल्यांदा लई खोकला येतो."

"खोकला तर हायेच की," भीमराज म्हणाला आणि घाईनं दाराकडे निघाला.