वाढत्या अंगाचा स्नोबोर्ड

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: मनालीतल्या मामाच्या कारखान्यात, जमिनीवर अंथरलेल्या लांबलचक कागदावर दहा वर्षांची इरावती उताणी झोपली आहे. मामा तिच्या मापाचा खास स्नोबोर्ड, म्हणजे उभं राहून बर्फावरून घसरायची फळी, बनवणार आहे. भुसभुशीत बर्फात रुतू नये म्हणून पुढून रुंद, मागून निमुळता.

मामानं बोर्डाच्या लांबीसाठी कागदावर तिच्या हनुवटीशी खूण केली. बाबांनी त्या खुणेवर फुली मारून हातभर वर दुसरी केली.

"वाढत्या अंगाचा कर. गणवेश आम्ही तसेच शिवतो."

"दाजी, एवढा लांब हिच्यानं वळणार नाही. समोर झाड आलं तर?"

"दोन वर्षांत वळेल की!"

झाड तोवर कळ काढेल, अशी बाबांची खात्री होती. गणवेशाच्या बाह्या दुमडता येतात. स्नोबोर्ड कुठून दुमडायचा, असल्या क्षुल्लक गोष्टी त्यांनी मनावर घेतल्या नाहीत.

"पण बाबा, यंदाच्या बर्फात मी काय करू?"

"यंदा कडेला उभी राहून बघ. बघूनही पुष्कळ शिकता येतं!"

इरावती उठली. तिनं मामाची कात्री घेतली, फुली मारलेल्या खुणेवर कागद कापला आणि वरचा तुकडा बाबांच्या हातात दिला.

"हा जपून ठेवा. मी वाढले की जोडू."