पाळण्याची दोरी

दुपारी सईला पाळण्यात निजवलं, की पडेगावच्या आपल्या फ्लॅटमध्ये उमा पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि पुस्तक उघडायची. कधीच वारलेल्या एका कादंबरीकारानं बायकोला लिहिलेली पत्रं होती ती.

"लोकायची खासगी पत्रं वाचता व्हय, ताई? लई पाप लागंल," भांडी घासता घासता साळूबाई हसायची.

"छापलीत ना मावशी, आता सगळ्यांचीच."

पत्रं मोठी लाघवी होती. 'बाळ उठलं वाटतं. जा तू, मी थांबतो,' असं वाक्य आलं, की इकडं सई हटकून कुरकुरायची. उमाला गंमत वाटायची. कुणीतरी आपलीही वाट बघत थांबलंय, असं वाटून बरंही वाटायचं.

आज साळूबाई गेली आणि वाचता वाचता उमाचा डोळा लागला. जाग आली तेव्हा पाळणा संथ करकरत होता. अर्धवट झोपेतच तिनं पुढची ओळ वाचली.

'दमलीस. आजपासून दोरी मी धरतो.'

उमानं पायाकडं पाहिलं. अंगठा मोकळा होता. दोरी पाळण्यापासून समोरच्या रिकाम्या खुर्चीपर्यंत ताठ ताणलेली होती.

सईला उचलायला ती धावली. पाळणा तिच्या हातापासून अलगद लांब गेला, आणि तिकडंच थांबला.