चाकांवर बिअर

पोतोसीच्या घाटात गाडीसकट कोसळल्यापासून हिलारियो कमरेखाली लुळा होता, पण कान शाबूत होते. खिडकीशी खाटेवर पडून तो बायकोकडून तीच जुनी पिकअप दुरुस्त करून घेत होता.

"अगं मठ्ठे, इंजिनाचे टॅपेट अजून वाजतायत! कान फुटलेत का तुझे?"

बासिलिया पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घाली. वर्षभरात तिने क्लच बदलला, स्प्रिंगचे नवे पाटे घालून गाडी वीतभर उंच केली, रुंद टायर चढवले.

"फोर-व्हीलचा गिअर कधी टाकायचा, सांग?" तो रोज घोकून घ्यायचा.

"घाट चढताना."

"आणि गावात?"

"गावात कधीच नाही."

आज गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. "चर्चपुढे नेते, रिवाजाप्रमाणे चाकांवर बिअर शिंपडून गाडीला आशीर्वाद घेते," म्हणत तिने पेल्याऐवजी पाण्याची अख्खी कळशी त्याच्या उशाशी ठेवली.

"कळशी कशाला? दोन गल्ल्या तर जायचंय! आणि गिअर खरवडलास तर तंगडं मोडीन."

"बरं," ती म्हणाली.

तो डोळे मिटून ऐकत राहिला. पहिला गिअर, दुसरा. चर्चपाशी गाडी थांबली. थोड्या वेळाने पुन्हा निघाली, पण आवाज जवळ येण्याऐवजी लांब लांब जाऊ लागला. मग बऱ्याच वेळाने, घाटाच्या बाजूने, वाऱ्यावरून फोर-व्हीलचं ते घोगरं विव्हळणं आलं.

एकही गिअर खरवडला नव्हता.