दुखवट्याच्या पत्राचं बटण

एक्सेलच्या यादीत बिडवेसाहेबांच्या नावासमोर मी कालची तारीख भरली आणि बटण दाबलं. आमच्या कारखान्यातलं कुणी गेलं, की घरी पाठवायचं दुखवट्याचं पत्र असंच निघतं. तारीख टाकली की मॅक्रो, म्हणजे यादीला जोडलेला छोटा प्रोग्राम, वर्डची फाईल उघडतो. मजकूर सगळ्यांना एकच, फक्त नाव बदलतं. तो मॅक्रो साहेबांनीच लिहिलेला.

आज मात्र भलतीच फाईल उघडली. "शालन, तू डब्यात दिलेली कारल्याची भाजी मी बत्तीस वर्षं शिपायाला देत आलो. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

मी मॅक्रोचा कोड उघडून पाहिला. साहेबांनी स्वतःच्या नावाला वेगळी फाईल जोडून ठेवली होती. आणखी एकाच नावाला तशी फाईल होती, ते नाव माझं. शेजारी ती फाईल जोडल्याची गेल्या वर्षीची तारीख होती. त्या दिवशी माझ्या छातीतली गाठ काढली होती.

म्हणजे मी ऑपरेशनच्या टेबलावर असताना हा माणूस इथं बसून माझ्या दुखवट्याचं पत्र लिहीत होता!

मी माझ्या नावासमोर आजची तारीख भरली आणि बटण दाबलं.

"तांदळेबाई, तुम्ही हे चोरून बघणार, मला माहीत होतं. तुम्हाला काही होत नाही. तारीख खोडा आणि कामाला लागा."

मी माझी तारीख खोडली. मग त्यांचीही खोडून पाहिली.