गळती

“नुसतं ‘नमस्कार’ म्हटलं तरी?” कार्यालयप्रमुख चांगदेवसाहेबांनी विचारलं.

“तरी,” जागृती म्हणाली. “प्रोग्रामनं एकदा गोपनीय हुकूम वाचला, की त्यानंतर तो जे काही पाठवेल त्यावर गोपनीयचंच लेबल लागतं. मग तो ‘नमस्कार’ असो नाहीतर हवामानाचा अंदाज. पलीकडचं मशीन साध्या लेबलाचं असलं, तर ऑपरेटिंग सिस्टिम ते दारातच अडवते. वरच्या मजल्यावरचं पाणी खाली गळायचंच नाही.”

दिघीच्या खाडीकाठच्या त्या गस्त कार्यालयात गळती मात्र होत होती. रात्री समुद्रात झगझगीत दिवे सोडून मासळी ओढून घेणाऱ्या होड्यांना बंदी होती. पण त्यांना पकडायला गस्तीची बोट निघाली, की समुद्रावर काळोख. एक दिवा दिसेल तर शपथ. हुकूम कार्यालयातल्या कुठल्याही मशीनवर उघडायचा आणि बातमी आधीच पोचलेली असायची. म्हणून तर नवी मुंबईतली नोकरी सोडून पलीकडच्या आगरदांड्याला सून म्हणून आलेल्या जागृतीला हे काम मिळालं.

तिनं ते मन लावून केलं. कुठलं मशीन कुठल्या लेबलाचं, कोणी कोणाशी बोलायचं, प्रिंटरनं काय छापायचं, सगळं नव्यानं ठरवलं. ऑपरेटर साहिल तिच्या हाताखाली चटचट शिकला. कंत्राटावरचा मुलगा, पण डोकं तल्लख. एकदा तर तिनं उघडी ठेवलेली एक वाट त्यानंच दाखवून दिली.

यंत्रांचा बंदोबस्त झाला, माणसांचा राहिला. गस्तीचा हुकूम तिघंच वाचत: साहेब, जागृती आणि साहिल. बोटीवरच्यांना तो बोट सुटल्यावरच कळे. हुकूम वाचला की प्रत्येकानं घरी एक फोन करायचा, सगळ्यांसमोर, स्पीकरवर. मग बोट निघेपर्यंत मोबाइल ड्रॉवरमध्ये. ती फोनची मुभा जागृतीनंच ठेवली होती. घरची माणसं जिवाला घोर लावून बसतात, माणूस म्हणजे काही मशीन नव्हे, असं तिचं म्हणणं.

पहिला हुकूम आला. साहेबांनी बायकोला गिरणीतून दळण आणायला सांगितलं. साहिलनं दिवस भरत आलेल्या बायकोला गोळीची आठवण केली. जागृतीनं सासूबाईंना जेवण झाकून ठेवायला सांगितलं. कामाचं कुणी चकार शब्दानं बोललं नाही.

बोट हात हलवत परत आली.

पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्याही. जागृतीनं सगळ्या नोंदी पिंजून काढल्या. एकही गोपनीय पॅकेट खाली गेलं नव्हतं. दारात अडवलेलंसुद्धा एकही नव्हतं, म्हणजे कुणी प्रयत्नच केला नव्हता.

साहेबांनी तिला एकटीला बोलावलं. “साहिलच्या मेव्हण्याचा ट्रॉलर हाय, ठाऊक हाय ना?”

“साहेब, या किनाऱ्यावर कुणाचा ना कुणाचा नातेवाईक होडीवर असतोच.”

“व्हय. पण मला वर उत्तर द्यायचंय. यंत्रणा बरोबर असेल तर माणूस खोटा. माणूस खरा असेल तर यंत्रणा खोटी. काय लिहू, तुम्हीच सांगा.”

साहिलची नोकरी आपल्या एका वाक्यावर आहे, हे जागृतीला कळत होतं. पण लेबलं तिनं रात्रंदिवस एक करून बसवली होती. त्यांत फट नव्हती, हेही तिला तितकंच पक्कं ठाऊक होतं.

“यंत्रणा बरोबर आहे,” ती म्हणाली.

साहिल दुसऱ्याच दिवशी गेला. डबा पिशवीत टाकताना तो तिच्या टेबलापाशी थांबला. “म्याडम, मी न्हाय केलं. बायकोला आठवडाभरात अलिबागला न्यायचं होतं. आता कोणत्या तोंडानं सांगू तिला?” जागृतीला त्याच्याकडे बघवेना. तिला वाईट वाटलं, पण पुराव्यापुढे तिचा तरी काय इलाज होता?

नवरा जहाजावर, त्यामुळे घरात ती आणि सासूबाई दोघीच. सगुणाबाई जीव लावणाऱ्या बाई. माहेरून ताजी कोलंबी आली, की पहिला वाटा सुनेचा. ऑफिसातलं काही विचारायची त्यांना सवयच नव्हती. त्या रात्री सुनेनं अर्धी भाकरी ठेवली, तेव्हा त्यांनी फक्त तिच्या पाठीवरून हात फिरवला. “खा बाय. दुसऱ्याचा राग अन्नावर काढू नये.”

पुढचा हुकूम आला तेव्हा साहिलच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. आता समुद्रावर दिवे सापडणार, याची साहेबांना खात्री होती. जागृतीलाही ते हवं होतं. दिवे सापडले असते तर साहिलच दोषी ठरला असता, आणि तिला नीट झोप लागली असती. दोघांनी घरी फोन केले, मोबाइल ड्रॉवरमध्ये गेले. पण बोटीचं इंजिन काही केल्या सुरू होईना. मेकॅनिकनं हात टेकले, तेव्हा साहेबांनी वैतागून गस्त उद्यावर ढकलली.

जागृती संध्याकाळच्या फेरीबोटीनं खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरली. सासूबाईंच्या हातचं गरम जेवायला मिळेल, या आशेनं ती भराभर चालली. अंगणाचं फाटक उघडंच होतं. पाय धुवायला ती परसात वळली आणि मागच्या दाराशी थबकली. आत सगुणाबाई फोनवर धाकट्या भावाशी बोलत होत्या.

“दादू, आज दिवे नको रे पेटवू. सुनेनं जेवान झाकून ठेवाया सांगितलाय.”